गिनीपिग देणे आहेत, स्थळ पाहून

किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं. गिनीपिगच्या पिंजऱ्यातल्या लेंड्यांसारखं आहे ते. सकाळी सगळं लख्ख झाडून घ्या, दुपारी बघा, पुन्हा ढीग! मी सतरा वर्षं फार्मसी कॉलेजात शिकवते आहे, त्यामुळे दोन्ही ढिगांचा मला दांडगा अनुभव आहे.

कॉलेज नंदुरबार जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही. आमचे प्रिन्सिपॉल सर सगळं वाचतात, आणि वाचून झालं की केबिनमध्ये बोलावतात.

तर कॉलेजच्या मागच्या अंगाला आमचं ॲनिमल हाऊस होतं. एकच लांबट खोली, जाळीच्या खिडक्या, आणि आत प्रयोगांसाठी पाळलेले गिनीपिग. आता ते प्रयोग कॉम्प्युटरवर होतात. मुलं बटणं दाबतात, पडद्यावर आलेख उमटतो, कुणाच्याही अंगाला सुई लागत नाही. फार चांगलं झालं. पण पडद्यावर सगळं व्हायला लागल्यावर खोलीतल्या जिवंत गिनीपिगचं काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. उरल्या होत्या अकरा. सगळ्या माद्या.

मार्चमध्ये मॅनेजमेंटचं पत्र आलं. एकतीस मेपर्यंत खोली रिकामी करावी. जनावरं कुणी दत्तक नेली तर ठीक, नाहीतर सोनगडकडचा एक व्यापारी येऊन राहिलेला लॉट उचलेल. व्यापारी त्यांचं पुढे काय करतो, कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं मोठ्या लॅबला देतो, कुणी म्हणायचं सापांना.

ॲनिमल हाऊस सांभाळायचे नथूआप्पा. अठ्ठावीस वर्षं. आणि त्यांची रिटायरमेंटही नेमकी एकतीस मेचीच! पत्र मी वाचून दाखवलं. आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मॅडम, आक्राच्या आक्रा घरे लावसू. एकलेबी त्यानी गाडीमा बसू देवाव नही."

रिटायरमेंटच्या आधी माणसं पीएफचे कागद गोळा करतात. आप्पा स्थळं गोळा करायला लागले.

*

सुरुवातीला मात्र स्थळंच येईनात. "गिनीपिग मोफत मिळतील" असा बोर्ड गेटवर लावला, व्हॉट्सॲपवर टाकला. आठवडाभर शुकशुकाट.

आठव्या दिवशी कळसाडीहून मोहनभाई आले. कापूस, ऊस, केळी असा मोठा पसारा, अंगात पांढरेशुभ्र कपडे. नातीनं हट्ट धरला म्हणून आले होते. आप्पांनी मोठ्या हौसेनं एक जोडी टेबलावर ठेवली.

मोहनभाईंनी आयुष्यात फक्त बैल पारखले होते, तशीच पारख सुरू केली. तोंड उघडून दात पाहिले. चारी पाय उचलून पाहिले. मग जनावराला टेबलावरून चालवत नेऊन मागून चाल पाहिली. शेवटी हात झटकत म्हणाले, "चांगली शे. मंग फुकट काब्र दी ऱ्हायनात? मारकी शे का?"

मारकी! पाऊण किलोची गिनीपिग!

"मारकी नही भाऊ," आप्पा म्हणाले, "गरीब शे बिचारी."

"बाजारमा आठशे रुपया सांगतस. तुम्ही फुकट दी ऱ्हायनात. म्हंजे कायतरी खोड शे." आणि मोहनभाई आले तसे निघून गेले.

संध्याकाळी बघते तर बोर्डावरचं "मोफत" पुसलेलं, आणि खाली आप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: "गिनीपिग देणे आहेत. स्थळ पाहून. आधी घर बघितले जाईल."

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन थांबेना! फुकट म्हटल्यावर ज्यांना खोड दिसत होती, त्यांनाच आता आपलं घर पसंत पडतं की नाही याची काळजी लागली. चौथ्या दिवशी मोहनभाई परत आले. या वेळी बायको, सून, नात, सगळे जीप भरून.

"आप्पा," ते हात जोडून म्हणाले, "आमनं घर देखाले कव्हय येतस?"

*

पहिलं नापास घर कुणाचं, माहीत आहे? माझं!

मी म्हटलं, एक जोडी मीच नेते. आप्पांना घरी बोलावलं, चहा केला, पोहे केले. आप्पांनी पोहे खाल्ले, चहा प्यायले, वर कौतुकही केलं. मग सोफ्याखाली वाकून पाहिलं. तिथून माझ्या दोन मांजरींनी त्यांच्याकडे पाहिलं.

आप्पा उभे राहिले. "मॅडम, तुमना स्वभाव चांगला शे. घर नापास."

"आप्पा, मी खोलीचं दार बंद ठेवीन ना!"

"पोर देवानी म्हंजे दार बंद करीसन ऱ्हावाले देवानी का?"

मी सतरा वर्षं मुलांना मार्क देत आले. नापास झाल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जो निकाल लागला तो वेगळाच.

*

मग बँकेतले एक साहेब. त्यांच्या मुलीला जोडी हवी होती. रविवारी माझ्या स्कूटीवरून आम्ही दोघं गेलो. साहेबांना वाटलं, आप्पा पगार, फ्लॅट वगैरे विचारतील. त्यांनी आधीच सगळा तपशील कागदावर मांडून ठेवला होता.

आप्पा म्हणाले, "ते ऱ्हावू द्या साहेब. कूलर कोन्या खोलीमा शे?"

आता ज्यांनी आमच्याकडचा मे महिना पाहिलेला नाही, त्यांना या प्रश्नाचं वजन कळणार नाही. इथे मेमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. गिनीपिगला ऊन अजिबात सोसत नाही.

"कूलर आमच्या बेडरूममध्ये आहे," साहेब म्हणाले.

"आनि जनावर?"

"ते हॉलमध्ये ठेवू."

आप्पा चहा न संपवताच उठले. साहेब माझ्या मागे दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हजार रुपये देतो, पण हे असं घर बघणं वगैरे नको."

आप्पांनी ऐकलं. रागावले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "पैसाथून लेवानं व्हई तं बाजारमा जा साहेब. तठे कोनी कूलर नही ईचारस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साहेबांच्या मिसेसचा फोन! "मॅडम, कूलर हॉलमध्ये सरकवलाय. हे रात्री हॉलमध्येच झोपले. आता तरी तुमच्या आप्पांना सांगा."

स्थळ पास.

*

आमचे लायब्ररीतले चौधरी सर या सगळ्या प्रकाराला हसायचे. "एवढी चौकशी कुणी सांगितली? दुकानात जायचं, बोट दाखवायचं, पिशवीत घालून आणायचं. दुकानातला माल म्हणजे गॅरंटीचा."

आणि खरंच त्यांनी मुलीच्या वाढदिवसाला दुकानातून एक गिनीपिग आणला. दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं, "नर आहे सर. एकटा राहतो, काही ताप नाही." सरांनी त्याचं नाव ठेवलं राजा.

राजा दिवसेंदिवस गुटगुटीत व्हायला लागला. चौधरी सर रोज स्टाफरूममध्ये त्याचा फोटो दाखवायचे. "बघा, घरचं खाणं कसं मानवतंय!" आप्पांनी एकदा फोटो पाहिला, तोंड उघडलं, पण मग बंद केलं.

विसाव्या दिवशी राजाला तीन पिल्लं झाली! डोळे उघडे, अंगावर केस, जन्मल्या जन्मल्या पळणारी.

चौधरी सर तरातरा दुकानात गेले. "अहो, तुम्ही नर म्हणाला होतात!"

दुकानदारानं शांतपणे विचारलं, "किती झाली?"

"तीन!"

"मग सर, एकावर तीन फ्री. बिलात कुठे लावलंय का मी?"

सर आल्यावर आप्पांना म्हणाले, "आप्पा, तुम्हाला फोटो बघूनच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

आप्पा म्हणाले, "तुमना माल गॅरंटीना व्हता ना सर."

*

प्रिन्सिपॉल सरांनी मध्येच एक फाटा फोडला. जनावर म्हणजे संस्थेची मालमत्ता, ती अशी तोंडी कशी देता? रीतसर दाखला द्या.

आता गिनीपिगचा दाखला कसा असतो, ते कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसातले सोनवणे भाऊ मात्र घाबरणारे नाहीत. त्यांच्याकडे एकच नमुना तयार होता, विद्यार्थ्यांच्या लिव्हिंग सर्टिफिकेटचा. त्यांनी तोच काढला आणि भरत गेले. नाव. जन्मतारीख. प्रगती: समाधानकारक.

"कॉलेज सोडण्याचं कारण?" सोनवणे भाऊंनी विचारलं.

"लिखा," आप्पा म्हणाले, "सासरले गयी."

सोनवणे भाऊंनी सरकारी मराठीत लिहिलं, "सासरी गेल्यामुळे." गोल शिक्का मारला. प्रिन्सिपॉल सरांनी बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात सही करून टाकली.

गंमत पुढे आहे. "वर्तणूक" या रकान्यात सगळ्यांना "चांगली" लिहिलं, पण बँकवाल्यांकडे गेलेल्यांतली एक जरा चावरी होती. आप्पा खोटं लिहू देईनात. तिला "ठीक" मिळालं.

दोन दिवसांनी बँकेच्या साहेबांच्या मिसेस दाखला घेऊन थेट ऑफिसात! "आमच्या मुलीचं वर्तन ठीक का? घरी कुणाला दातसुद्धा लावला नाही तिनं. चांगली करून द्या."

सोनवणे भाऊ म्हणाले, "दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागेल."

त्यांनी बसल्या जागी अर्ज लिहिला. खाली सही पालकाची!

*

अक्कलकुव्याच्या वसावे सिस्टरांचा फोन आला तेव्हा आप्पा म्हणाले, जोडी बरोबरच लई जावू. घर देख्यानंतर पसंत पडनं तं दी देसूत, नहीतं वापस. एसटीनं निघालो. टोपली आप्पांच्या मांडीवर, वर ओलं फडकं.

कंडक्टर आला. टोपलीतून शिट्टी ऐकू आली. गिनीपिगना पिशवीचा आवाज आला की त्या शिट्टी मारतात, आणि मागच्या बाईनं नेमकी काकडीची पिशवी उघडली होती.

"टोपलीमा काय शे, बाबा?"

आप्पा म्हणाले, "पोरी शेतस. सासरले चालन्यात."

कंडक्टरनं फडकं वर केलं. दोन तोंडं वर आली. अर्धी बस उठून उभी राहिली. मागच्या बाईनं काकडीचे दोन काप केले आणि टोपलीत टाकले. "पहिल्यांदा चालन्यात ना, रिकाम्या पोटे नका धाडा."

कंडक्टरला काम होतं. त्यानं कोंबडीचं भाडं आठवून पाहिलं, बकरीचं आठवून पाहिलं. गिनीपिगचं कुठेच बसेना. मग त्यानंच निकाल दिला. "पोरी शेतस ना? बायास्ले अर्धं तिकीट. दोन अर्धं."

"आनि मन्हं?" आप्पांनी विचारलं.

कंडक्टर मशीन टकटकवत म्हणाला, "बापले पुरं!"

सगळी बस हसली. आप्पांनी ते तीन कागद नीट घडी करून खिशात ठेवले. सिस्टरांचं घर कौलारू, गार, मागे पेरूचं झाड. गिनीपिगला पेरू म्हणजे औषध आणि मेवा एकदमच. आप्पा दारातूनच म्हणाले, "पास."

*

मेच्या आत दहा जणी मार्गी लागल्या. जोडी जोडीनं, पाच घरं. मोहनभाईंनी तर खळ्यातली एक गार खोली मोकळी करून तिला पांढरा रंग दिला होता. मिरचीच्या एका व्यापाऱ्याचं घर तेवढं नापास झालं. तिथे पाऊल टाकल्याबरोबर आप्पांना एवढ्या शिंका आल्या की प्रश्न विचारताच आले नाहीत. "मन्हंच नाक टिकनं नही, तिन्हं काय टिकी!"

आणि मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया.

आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, पोटभर झोपतात. सासरचं कुणी अडवत नाही. एरवी जुनी माणसं लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, म्हणून लेकींनीच यायचं. आप्पांनी पाचही घरी फोन केले होते, "आखाजीले पोरी लई या."

मला वाटलं, एखादं घर येईल. पाचच्या पाच कॉलेजात आली! टोपल्या, पेट्या, एक तर नक्षीदार पाळणा. आप्पांच्या बायकोनं, आम्हा सगळ्यांच्या मामींनी, माणसांना पुरणपोळी आणि जनावरांना हिरवागार लसूणघास आणला. मामींना दमा, त्यामुळे केसाळ जनावर घरात चालायचं नाही. त्या तोंडाला पदर लावून लांब लिंबाखाली बसल्या आणि तिथूनच प्रत्येकीचं नाव विचारत होत्या.

सुटीच्या दिवशी गेट उघडं कसं, म्हणून प्रिन्सिपॉल सर गाडी थांबवून आत आले. झोक्यावर मोहनभाईंची नात, तिच्या मांडीवर दोन गिनीपिग.

"आप्पा," सर म्हणाले, "हा कार्यक्रम कोणत्या परिपत्रकानुसार?"

"आखाजीले परिपत्रक नही लागस, सर. पोळी खाई ल्या."

सरांनी दोन खाल्ल्या.

तेवढ्यात चौधरी सर आले, मुलगी ओवी आणि खोक्यात त्यांची राजा, तीन पिल्लांसकट. नाव बदललं नव्हतं. ओवी आनंदानं खोकं उघडायला लागली, तर बँकवाल्यांची मुलगी म्हणाली, "हिचं इथं माहेर नाहीये. ही विकत आणलीये."

पोरांचं बोलणं कसं असतं, तुम्हाला माहीत आहे. ओवीचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं.

आप्पांनी हातातली पोळी खाली ठेवली. "कोन म्हनस हिले माहेर नही?" त्यांनी राजाला उचलून तळहातावर घेतलं, कान पाहिले, पोट पाहिलं. "दुकानमाथून लिन्ही म्हंजे काय झायं? दुकान काय कोनं माहेर ऱ्हास का? हिन्हं नाव लिखा सोनवणे भाऊ. आजथून ही आठलीच, आपली."

सोनवणे भाऊ पोळी तोंडात असतानाच म्हणाले, "सुट्टी आहे. प्रवेश कसा देऊ?"

"बाकीच्या सुट्टीले घर कशा उन्यात?"

सोनवणे भाऊंनी ऑफिस उघडलं. ओवीला शिक्क्याचा कागद मिळाला. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी ओवीकडे पाहिलं. ओवी म्हणाली, "खूप चांगली." तेच लिहिलं.

*

आता शेवटचा.

अकरावी होती भुरी. वयानं सगळ्यांत मोठी, एक कान अर्धा गेलेला, स्वभाव वाकडा. तिची जोडीदारीण हिवाळ्यात गेली, तेव्हापासून दुसरी कुणी जवळ आली तरी चावायची. बघायला आलेली माणसं तिच्यापाशी थांबायची, "हिचं काय?" म्हणायची आणि पुढे जायची. चौधरी सरांनी मोठ्या मनानं तिला राजाबरोबर ठेवून पाहिलं. अर्ध्या तासात परत घेऊन आले, बोटाला पट्टी. प्रिन्सिपॉल सरांकडे लॅब्रॅडॉर. मी तर नापासच.

एकतीस मे उजाडला आणि भुरी पिंजऱ्यातच.

दुपारी बाराला आप्पांचा निरोपसमारंभ. शाल, नारळ, हार. प्रिन्सिपॉल सरांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना गेटमध्ये हॉर्न वाजला. सोनगडचा तो व्यापारी, हसमुखभाई, गाडी घेऊन आला होता. मागे रिकाम्या जाळ्यांची चळत.

आप्पा हार गळ्यात तसाच ठेवून बाहेर गेले. आम्ही सगळे मागोमाग.

"काका, लॉट किधर है?" हसमुखभाईनं विचारलं.

"एकच शे."

"एक? बाकी?"

"आपापल्या घरे गयात."

हसमुखभाईनं कपाळाला हात लावला. "एक पीस के लिए इतनी दूर गाडी दौडाई! चलो, लाव."

आप्पांनी भुरीचा पिंजरा आणला नाही. खिशातून कागद काढला. घरोघर नेऊन नेऊन मळलेला, प्रश्नांचा.

"घरमा मांजर शे का?"

हसमुखभाईला वाटलं, चेष्टा आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नहीं."

"दुपारले घरे कोन ऱ्हास?"

"बा. मेरी माँ. अकेली."

"कूलर कोन्या खोलीमा शे?"

"बा के कमरे में. और कहाँ होगा?"

आप्पांनी कागदाची घडी केली. "घर देख्याबिगर देवाव नही."

आता हा हसणार, नाहीतर भांडणार, असं आम्हाला वाटलं. हसमुखभाईनं गाडीचं पुढचं दार उघडलं. "बैठो काका."

भुरीला टोपलीत घालून, टोपली मांडीवर घेऊन आप्पा पुढच्या सीटवर बसले. गळ्यात हार तसाच. गाडी गेली.

प्रिन्सिपॉल सर म्हणाले, "गाडीचा नंबर घेतला का कुणी?"

कुणीच घेतला नव्हता.

मंडपात परत कुणी गेलं नाही. मला भीती वाटत होती, आणि आप्पांचा रागही येत होता. ज्या गाडीत एकीलाही बसू द्यायचं नव्हतं, त्याच गाडीत ते स्वतः तिला घेऊन बसले होते. घर दाखवायचं म्हणून नेईल, वाटेत उतरवून देईल, म्हाताऱ्या माणसाचं काय चालणार? आप्पांचा फोन ऑफिसातल्या टेबलावरच राहिलेला. मामी येऊन बसल्या. चौधरी सर दोनदा स्टँडवर जाऊन आले.

उन्हं उतरता उतरता रिक्षा गेटशी थांबली. आप्पा उतरले. टोपली रिकामी. हार सुकून काळा पडलेला, ओठ फुटलेले. चौधरी सरांनी धरून खुर्चीवर बसवलं. आप्पांनी हातानं पाण्याची खूण केली. मी जग पुढे केला. ग्लास मागितलाच नाही, जगच तोंडाला लावला आणि संपवला. दुसरा मागितला. तोही संपवला.

"भुरी?" मी विचारलं.

"दी उनू."

"त्या व्यापाऱ्याला?"

"त्याले नही. त्यानी मायले." आप्पांनी तोंड पुसलं. "घरमा येवढी जनावरं येतस, जातस. म्हातारी कधी देखत नही म्हने. हिन्हा कान देखा, मांडीवर लिन्ही. भुरीनी चावी लिन्हं. म्हातारी हसनी. मंग माले ईचारं, 'आने शुं भावे?' हिले काय आवडस म्हने."

मामींनी पदर डोळ्यांना लावला.

मला मात्र त्या फुटलेल्या ओठांचा राग आवरेना. "ते सगळं ठीक आहे आप्पा, पण एवढ्या उन्हात तुम्हाला घोटभर पाणीसुद्धा दिलं नाही त्यांनी?"

"दिन्हं ना. पानी दिन्हं, शरबत दिन्हं. म्हातारी गिल्लास लईसन मांगे मांगे फिरनी."

"मग?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सतरा वर्षं कॉलेजात शिकवून या बाईला एवढंही कळू नये.

"मॅडम, पोर दिन्ही ना मी तठे. मंग तठलं पानी कसं पेवाव?"